चालता ठिपका

उत्तरेकडे, मुरलीपुऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची कंपनी होती आणि मी तिथली सगळ्यात नवी, सगळ्यात आगाऊ इंजिनीअर. शेतातल्या खांबांवर सेन्सरचे डबे बसवायचे. ते दर तासाला मोबाइल नेटवर्कवरून तापमान कळवणार आणि पाला, म्हणजे पिकं जाळणारं गोठलेलं दंव, पडण्याआधी शेतकऱ्यांना आम्ही सावध करणार. कानोता गावच्या शेतातला एक डबा मात्र ऐन थंडीत रात्रभर उबदार आकडे पाठवायचा. सेन्सर बदलून पाहिला, तरी तेच. शेवटी मीच म्हटलं, डब्यात जीपीएस घालू, म्हणजे तो कुठे आहे ते सतत स्क्रीनवर दिसेल. महिनाभर खपले आणि मोठा तीर मारल्याच्या थाटात मिरवले.

पहिल्याच संध्याकाळी नकाशावरचा ठिपका चालायला लागला. शेतातून निघून गावातल्या एका घरापाशी थांबला. सकाळी पुन्हा खांबावर हजर.

"चौकीदार बैटरी के लिए डिब्बा घर ले जाता है," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना आम्ही जीपने त्या घरी पोचलो. डबा खाटेवर होता, रजईत गुंडाळलेला. गावातलाच म्हातारा आम्ही राखणीला ठेवला होता. आम्हाला बघून तो खूश झाला.

"मैडमजी ने कहा था ना, बच्चे की तरह संभालना. रात को पाला पड़ता है, इसलिए अंदर ले आता हूँ."

मी म्हटलं होतं. डबा बसवताना, परतीची बस चुकेल या घाईत, जाता जाता. डबा जागेवरून हलवायचा नाही, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमने कहा था?"

माझी नोकरी पक्की व्हायला पंधरा दिवस उरले होते. "मैंने तो वहीं रखने को कहा था, सर."

इतकं सहज खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. म्हातारा डब्यावरची रजई सोडवायला लागला. मग साहेबांना म्हणाला, "मेरी ही समझ का फेर होगा, साब."

साहेबांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. आजही आठवलं की स्वतःची शिसारी येते.

आम्ही निघालो, तेव्हा डबा त्यानंच उचलून आणला. मी जीपमध्ये बसल्यावर माझ्या मांडीवर ठेवला.

"रास्ता ख़राब है, मैडमजी. पकड़ के बैठना."

मी पकडून बसले.