ओलं बोट

महिनाभर खणात पडलेला अण्णांचा नवा फोन आज चार्ज केला. पुसण्यासाठी खिडकीशी तिरपा धरला, तर काळ्या काचेवर एक पुसट वाट दिसली. वरून खाली आलेली, मग उजवीकडे वळलेली. फोन उघडायची त्यांची खूण. ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती.

माझ्या वडिलांना हा टचचा फोन जेमतेम पंधरा दिवस वापरायला मिळाला. सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात झाली, त्यामुळे फोटो सरकवायचा असला तरी ते आधी बोट जिभेला लावायचे.

"अण्णा, ते पुस्तक नाहीये," मी वैतागायचो.

"पान उलटतंय ना? मग झालं," ते म्हणायचे.

कागद ओल पिऊन टाकतो. त्यांनी उलटलेल्या हजारो पानांवर आज त्यांचं बोट कुठेच सापडणार नाही. काच मात्र काही पीत नाही. माणूस गेला तरी वाट तशीच, जणू आत्ताच कोणी फिरून गेलंय.

त्या वाटेवरून बोट नेलं तर फोन उघडेल. आत त्यांनी काढलेले फोटो असतील, कदाचित अर्धवट लिहिलेला एखादा मेसेजही. पण माझं बोट फिरलं की त्यांचं पुसलं जाणार.

फडकं बाजूला ठेवलं. मग बोट काचेजवळ नेलं आणि थबकलो. ते ओलं होतं. जिभेला कधी लावलं, मला कळलंच नव्हतं.