लाल चौकट काळी छापली

माझी नणंद उंबऱ्यावर बसली, पदर तोंडावर घेतला आणि मला हाका मारत रडायला लागली. मागे तिच्या दोन जावा, त्याही रडत होत्या. मी आत कांदा चिरत होते, त्यामुळे माझे डोळे आधीच वाहत होते. वाटलं, हिच्या घरचं कोणी गेलं. मी तिच्याजवळ बसले, तिच्या गळ्यात हात टाकला आणि मीही सूर लावला. रडायला मला जड जात नाही, आवाज मोठा आहे. चौघी चांगल्या रडलो. मग मी विचारलं, "कोण गेलं वं बाई?"

तिने पदर खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी," ती म्हणाली, "तूच मरी गयी ना वं."

जळगावहून पहिल्या एसटीने आल्या होत्या बिचाऱ्या, दारावर बसायला. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरीचा डबाही आणला होता. तिच्या पिशवीत एक मासिक होतं. ते जळगावला निघायचं, धुळ्याला दोन दिवस उशिरा यायचं, म्हणून आम्ही अजून पाहिलं नव्हतं. तिने पान उघडून माझ्यासमोर धरलं. पानावर मी होते. भोवती जाड काळी चौकट, वर फुलांचा हार, दोन बाजूंना समया. खाली मोठ्या अक्षरांत: "खान्देशचा आवाज अमर".

मीही म्हटलं, गेली बाई. फोटो छान आला होता.

झालं असं होतं. आमच्या ह्यांचं धुळ्यात बसस्टँडजवळ टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आमच्या देवपुरात कुठेही हळद असली की गाणी म्हणायला मी. ह्यांच्या डोक्यात आलं की हिची कॅसेट काढू. घरात गोधड्या टांगून मी अहिराणीत हळदीची गाणी म्हटली, शेजारणींनी मागे झील धरली. कॅसेटचं नाव "हयदना गाना". लग्नसराईच्या आधी मासिकात जाहिरात द्यायची ठरली.

जाहिरात काढायला बोलावला तो पेंटर हायवेवरच्या ट्रकांच्या मागे मोर आणि कमळं काढायचा. त्याने सिनेमाच्या मासिकांचा गठ्ठा आणला, त्यांतल्या कॅसेटच्या जाहिराती बघायला. मी चौथी शिकलेली, पण चित्र वाचायला शाळा लागत नाही. सगळ्या जाहिराती एकसारख्या. वर गाणाऱ्याचं मोठं डोकं, खाली तिरकी कॅसेट, अक्षरांना ज्वाळा. आणि गाणारा असो की गाणारी, तोंड मिटलेलं. मी म्हटलं, "ही गाते कुठून, नाकातून?"

पेंटर म्हणाला, "अक्का, फोटोत तोंड उघडं चांगलं दिसत नाही."

मग त्याने पुठ्ठ्यावर रंगवलं. हळदीचा पिवळा रंग, वर झेंडूचं तोरण, मंगलकार्य म्हणून समया, भोवती लालभडक चौकट, मध्ये माझा मिटल्या तोंडाचा फोटो. पाहून मलाच नवरीसारखं वाटलं. ह्यांनी तो पुठ्ठा जळगावला पाठवला.

पान आतलं घेतलं होतं. आतली पानं काळी-पांढरी, रंगीत फक्त मुखपृष्ठ. छापखान्यात लालाचं काळं होतं हे ना ट्रक रंगवणाऱ्याला माहीत, ना टेप दुरुस्त करणाऱ्याला. लाल चौकट काळी झाली. पिवळी हळद राखेसारखी आली. तोरणाचा हार झाला. कुंकूसुद्धा काळं. आणि "अमर" हे पेंटरने आपल्या मनाने टाकलं होतं. ट्रकवर तो तेच लिहायचा.

दुपारी आम्ही तो डबा खाल्ला. पिठलं चांगलं होतं. नणंद म्हणाली, "मन्हा जीव गया, आन तू पिठलं खाई ऱ्हायनी?" एक जाऊ हसली, मग दुसरी, मग कोणाला थांबताच येईना. हे दुकानातून आले, दारात चपलांची गर्दी, आत बायका पोट धरून लोळताहेत. त्यांना वाटलं, मी घरातूनच सगळ्या कॅसेट विकून टाकल्या.

हसू संध्याकाळी संपलं. गल्लीच्या टोकाला पुढच्या महिन्यात लग्न होतं, हळदीला मला सांगून ठेवलेलं. तोवर नणंदेचं मासिक गल्लीभर फिरलं होतं. नवरीची आजी स्वतः आली. म्हणाली, "माय, तू जित्ती शेस हे दिसस मला. पण जिच्या फोटोला हार पडला तिचं गाणं हळदीत नको. लोक काय म्हणतील." धुळ्यात अंक आला आणि दुकानांतून कॅसेट परत यायला लागल्या. मेलेल्या बाईचा आवाज मांडवात कोण लावणार? मी गल्लीभर फिरून दाखवलं असतं, पण साक्रीपासून जळगावपर्यंत किती दारं फिरणार? लहानपणापासून मी हळदी गायलेल्या. ते बंद झालं तर मला दुसरं काही येत नव्हतं.

पेंटरला बोलावलं. प्रश्न असा की फोटोतली बाई जिवंत आहे हे दाखवायचं कसं. हे म्हणाले, हसू दे. पेंटर म्हणाला, श्रद्धांजलीतही हसतात. मग, चहा पिऊ दे. डोळा मारू दे, असंही कोणी तरी म्हणालं, ते मी सांगत नाही.

नणंद अजून गेली नव्हती. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मेलेल्याचं तोंड बंद ऱ्हास. वहिनी, तुन्हं तोंड कधी बंद ऱ्हायनं? तेच तर खोटं छापलं तुम्ही."

टोमणाच होता. पण पेंटर उठून बसला.

दुसऱ्या दिवशी अंगणात चूल मांडली, मातीचं खापर पालथं घातलं. त्यावर भाजतो ती आमची हातभर पुरणपोळी, तिला मांडा म्हणतात. मी पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत पसरला, आणि तोंड मोठं उघडून गायले. फोटोवाला म्हणाला, "बाई, नुसतं तोंड उघडा, गाऊ नका." मी म्हटलं, मला नुसतं उघडता येत नाही. एक मांडा फाटून त्याच्या बुटावर पडला. नणंद म्हणाली, "भाऊ, नैवेद्य पोहोचला तुम्हाला." शेवटी फोटो मिळाला. माझे दात, पडजीभ, सगळं त्यात.

ह्या वेळी पेंटरने फक्त काळी शाई घेतली. चौकट नाही, फूल नाही, समई नाही. मागे सगळं काळं, मध्ये पांढरा गोल मांडा, खाली माझं उघडं तोंड. आणि मांड्यावरच त्याने जाड अक्षरांत लिहिलं: "मी जित्ती शे. हयद कोन्ही शे?" म्हणजे, मी जिवंत आहे, हळद कोणाची आहे?

अंक आला त्या दिवशी बसस्टँडवरचे रिक्षावाले ह्यांना बघून ओरडत होते, "नाना, हयद कोन्ही शे?" लोक दुकानात कॅसेटचं नाव विचारत नव्हते, "ती जित्ती शे द्या" म्हणत. नवरीची आजी मासिक हातात घेऊनच आली. म्हणाली, "तोंड मिट आता, माशी जाईल. आणि हळदीला लवकर ये." मी गेले. आवाज बसेपर्यंत गायले.

आता पेंटर नाही. आमचे हे नाहीत. मासिक बंद पडलं, कॅसेट वाजवायला टेप कोणाकडे नाही. नणंद गेली तेव्हा मी जळगावला दारावर गेले, पिठलं-भाकरीचा डबा घेऊन. मी आहे.