दहिवर न पडलेलं साल

मंद्रूपकडच्या आमच्या काळ्या रानात ज्वारी पावसापेक्षा पहाटेच्या दहिवरावरच जास्त जगते. त्या साली मार्गशीर्षापासून दहिवर पडलंच नाही. पहाटेही पानं कोरडी आणि दुपारी चैत्रासारखी झळ. वडील आदल्या वर्षी गेले होते, दादा सोलापूरला गिरणीत लागला होता. ज्वारी घरात आली की बोलावते, मग परत जायचं नाही, असं आईनं त्याला निघताना सांगितलं होतं. त्यामुळं त्या ताटांकडं ती पीक म्हणून बघतच नव्हती, लेक म्हणून बघत होती.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेच्या रानपूजेला, पिकाभोवती आंबील शिंपडताना गाडीवाटेच्या कडेची ताटं तिला तांबूस दिसली. धुरळा असेल म्हणून तिनं पान पुसलं, रंग गेला नाही. उलटलं तर पोटाला बारीक जाळं आणि त्यात तांबडे जीव चालताना दिसले. शेजारचे आप्पा म्हणाले, लाल कोळी आहे, कोरड्या हवेत माजतो, एक सर आली की धुऊन जाईल. आभाळ मात्र मेलं निरभ्रच राहिलं.

आई हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. काही वाया घालवणारीही नव्हती, आणि तिथंच घात झाला. लागलेली ताटं उपटून तिनं जाळायला हवी होती, पण वैरण जाळायला तिचा जीव धजेना. तिनं भारे बांधले आणि पिकाच्या मधून खोपीतल्या गाईकडं नेले. पुढं ती जिथून चालली होती, तिथलीच पानं आधी तांबडी पडली, मग सगळं रान. तिला कुणी बोललं नाही. पण तिला ते दिसत होतं, आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

पाऊस आला तो माघात, कणसं पोचट राहून गेल्यावर.

निरोप नसतानाही दादा काढणीला आला. त्यानं एक कणीस तळहातावर चोळून फुंकलं. हातात काहीच उरलं नाही.

"माझ्याच पायानं गेलं रं सगळं," आई म्हणाली.

"तुझ्या पायानं न्हाय, आये. हवाच तशी हुती."

काढणी उरकून तो गिरणीत परत गेला. पुढं ज्वाऱ्या चांगल्या आल्या, पण तोवर त्याचं बिऱ्हाड सोलापुरात बसलं होतं. आई दर साली निरोप धाडायची. तो यायचा, हुरडा खायचा आणि पाहुण्यासारखा दुसऱ्या दिवशी निघायचा.