वादीच्या दोन काठांवर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. नोकरी क्वांटिटी सर्व्हेयरची, म्हणजे बांधकामाची मापं आणि हिशेब काढायची, त्यामुळे जे मोजता येत नाही ते नाहीच, असा माझा स्वभाव. इथे लोकांनी लिहिलेले असले अनुभव वाचून "दमला असेल बिचारा" म्हणत पान उलटणाऱ्यांपैकी मी. तरी हे लिहितेय, कारण त्या दिवशी मी एकटी नव्हते...

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दुबईत, देऱ्याला राहायचो. मी, नवरा शिरीष आणि आठ वर्षांची ऋचा. माझ्या कंपनीत विल्सन होता, वसईचा, माझ्यापेक्षा बराच लहान. ऑफिसात मला मॅडम म्हणायचा, बाहेर मेधाताई. दोघांनाही पळायचं वेड. हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी हत्ता रोडने डोंगरांच्या पायथ्याशी जायचो. तिथे आमचा एक लूप ठरलेला होता. आधी खडीचं सपाट माळरान, पाऊस झालेला असला तर त्यावर घोट्याएवढं गवत. मग पाण्याने कातरून काढलेल्या मातकट टेकड्या, एकीसारखी दुसरी, नवखा माणूस हमखास चुकेल अशा. आणि परतताना एक अरुंद वादी, म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. दोन्ही बाजूंना उंच, भुसभुशीत कडे. हात लावला की दगड सुटायचे. एकदा आत शिरलं की थेट माळरानावरच बाहेर पडायचं.

त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. लांब डोंगरांवर काळंकुट्ट दिसत होतं. शिरीष माळरानाच्या कडेला गाडी लावून थांबला, ऋचा मागच्या सीटवर झोपलेली.

"आज लूप छोटा करा," शिरीष म्हणाला. "वर पाऊस दिसतोय."

"वर आहे ना, इथे कुठे आहे!" विल्सन हसला. "यल्ला, ताई, चल!"

टेकड्या छान पार पडल्या. वादीच्या तोंडाशी माझ्या बुटात खडा गेला. मी खाली बसले.

"मी हळूहळू पुढे होतो," विल्सन म्हणाला आणि वळणाआड गेला.

लेस बांधून मी निघाले. दोन वळणांनंतर तो पुढे दिसला. नारिंगी टी-शर्ट, आणि उजवा खांदा जरा उचलून पळायची त्याची ती सवय. हाक मारली, त्याने मागे पाहिलं नाही. वेग वाढवला, तरी अंतर तेवढंच. मग एका वळणावर तो अचानक उजवीकडे वळला आणि सरळ कडा चढायला लागला.

"अरे, कुठे चाललास? रस्ता इकडे आहे!"

वर पोचून त्याने पाठमोऱ्यानेच हात हलवला — ये, ये — आणि कड्यापलीकडे गेला. मला राग आला. पण त्या वैराण जागी एकटं पुढे जायची हिंमत होईना. चढले. दगड निसटत होते, गुडघे सोलवटले. अर्ध्यावर असताना खाली पाहिलं. वादी कोरडी, शांत. वाऱ्याची झुळूकही नव्हती. मला ती शांतताच सहन होईना... मी जीव खाऊन वर आले.

वर कुणीच नव्हतं. उघडं पठार, लपायला झुडूपसुद्धा नाही.

"विल्सन!"

"मेधाताई!"

आवाज मागून आला. वळले, तर विल्सन समोरच्या काठावर! वादीच्या पलीकडे, डाव्या कड्यावर. हात-पाय मातीने माखलेले, धापा टाकत होता.

"तू तिकडे कशी गेलीस?" तो ओरडला. "आत्ता तर माझ्यापुढे होतीस!"

"मी? अरे, मी तुझ्या मागे होते! तू इकडे चढलास ना!"

"नाही गं! मी लघवीला दगडाआड थांबलो होतो. बाहेर आलो तर तू पुढे गेलेली. तुझी वेणी, पाठीवरची पिशवी... हाका मारल्या, थांबली नाहीस. तू इथून चढलीस म्हणून मी..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. आधी आवाज आला, जड ट्रक जवळ येत असल्यासारखा. मग वरच्या वळणावरून चॉकलेटी पाणी भिंतीसारखं आलं. फांद्या, गोटे, एक मेलेली बकरी... आम्ही पळत होतो ती वाट डोळ्यांदेखत नाहीशी झाली. माझ्या पायाखालचा कडा थरथरत होता. मी मागे सरकले. पलीकडे विल्सनने क्रूसाची खूण केलेली दिसली. बोलायचा प्रयत्न दोघांनी केला, पण त्या गर्जनेत काही ऐकूच येईना.

मी काठाकाठाने माळरानावर उतरले. शिरीष गाडीतून उतरून पळत आला. मला घट्ट धरलं, ओरडला, मग पुन्हा धरलं. "आई, व्हाय आर यू शेकिंग?" ऋचा सारखी विचारत होती. पाणी ओसरेपर्यंत विल्सन पलीकडेच अडकला होता. दुपारी एका स्थानिक म्हाताऱ्याने त्याला आपल्या पिकअपमधून लांबच्या वाटेने आणून सोडलं.

नंतर शिरीषने कारणं शोधली. दमणूक, ढगाळ उजेड, भास. मीही तेच म्हटलं असतं. पण भास एकाला होईल. दोघांना एकाच वेळी, एकमेकांचाच? आणि दोघांनाही वर नेणारा? विल्सन म्हणतो देवदूत. मी काहीच म्हणत नाही. एवढंच कळतं, की अनोळखी कुणी दिसलं असतं तर मी त्याच्यामागे कडा चढले नसते. विल्सनच्या मागे गेले.

आता तो वसईला असतो. परवा फोनवर विषय निघाला. म्हणाला, "ताई, एक गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती. घाबरशील म्हणून."

"काय?"

"शेवटचा दगड निसटला माझ्या पायाखालून. पडणारच होतो. तेव्हा तू वरून हात दिलास. मी धरला होता तो... गरम होता."

"विल्सन, मी नव्हते रे ती."

"माहितेय," तो म्हणाला.