दगडावरचं लारचं नाव

आयर्लंडमधलं वॉटरफर्ड पाहायला आलेल्या पाहुण्यांना मॉसी फेलन हे शहर नदीकडे पाठ करून दाखवतो. गोल बुरुजापासून निघायचं, धक्क्यावरच्या दुकानांच्या कडेने चालायचं, दोन्ही कॅथेड्रलं आणि मठाचे पडके खांब दाखवून काचकामाच्या दालनाशी पाहुण्यांचा निरोप घ्यायचा, असा त्याचा क्रम आहे. रस्ता ओलांडून तो पाण्याच्या बाजूला कधी जात नाही.

"हा बुरुज हजार वर्षं उभा आहे," तो सांगतो. "माझे गुडघे साठीच्या आतच बसले."

हजार वर्षांचा दावा तपासला तर टिकत नाही, कारण मूळ बुरुज व्हायकिंगांचा असला, तरी आजचं दगडी बांधकाम बरंच नंतरचं आहे. मॉसीला हे ठाऊक आहे. "दोन-तीनशे वर्षं इकडेतिकडे झाली म्हणून कुठला व्हायकिंग तक्रार करायला येतोय?" असं तो वर म्हणतो. पाहुणे हसतात. एखादी बाई नदीजवळ जाऊन फोटो काढू या म्हणाली, तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "पाणीच आहे, बाई. तुमच्या गावीही असेल."

तो असं का करतो, हे आमच्या शहरात सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

बंदर खाली समुद्राच्या दिशेने हलवलं जाण्यापूर्वी मॉसी आणि त्याचा धाकटा भाऊ लार याच धक्क्यावर माल उतरवत असत. ऐंशीच्या दशकातल्या एका नोव्हेंबरात, शनिवारी संध्याकाळी, लार पबमधून निघाला आणि घरी पोचला नाही. त्याची टोपी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर सापडली. इथपर्यंत सर्वांचं एकमत आहे. मॉसी म्हणतो, तो पडला, आणि ओहोटीने त्याला समुद्रात नेलं. थोरली बहीण ब्रीडी म्हणायची, तो इंग्लंड-वेल्सकडच्या बोटीने गेला. कार्डिफला जायचं तो बोलत होता, आणि त्याचे रविवारचे बूट पलंगाखालून नाहीसे झाले होते. दोन्ही बाजूंचा पुरावा तोकडा आहे. टोपी वाऱ्यानेही उडते, आणि बूट चांभाराकडेही गेलेले असू शकतात. त्या वर्षांत आमच्याकडची कितीतरी मुलं न सांगता गेली आणि त्यांनी कधी पत्र पाठवलं नाही. त्यांच्या घरचे लोक त्यांना मेलेले समजत नसत.

आईच्या आग्रहावरून जुनी रीतही पाळली गेली. गव्हाच्या काडाची पेंढी बांधली, तीत मंत्रून आणलेली मेणबत्ती लावली आणि ती नदीत सोडली. बुडालेला माणूस जिथे असेल तिथे पेंढी थांबते, असं मानतात. ती थांबली, पण नेमकी कुठे, याबद्दल हयात असलेले साक्षीदार तीन वेगळ्या जागा सांगतात. पाणबुड्यांना कुठेच काही मिळालं नाही.

"थांबली ना?" मॉसी म्हणायचा.

"काड कुठेतरी अडकणारच," ब्रीडी म्हणायची. "तुझ्या डोक्यातही तेच भरलंय."

आईवडील गेले. टेकडीवरच्या दफनभूमीत एका करड्या दगडावर त्यांची दोन नावं कोरली गेली. लारसाठी मृतांची प्रार्थना मात्र एकदाही झाली नाही, कारण ब्रीडीने होऊ दिली नाही. पुढे तिच्या फुप्फुसांत रोग निघाला, तेव्हा मॉसीची काळजी वाढली. ही दोघं गेल्यावर लारचं नाव घेणारं कुणी उरणार नव्हतं. दगडावर ते असेल, तर दरवर्षी थडग्यांना आशीर्वाद द्यायला येणारा पाद्री निदान ते वाचील, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तो तिच्या स्वयंपाकघरात गेला. तिने पिठाने माखलेले मऊ पाव आणि चहा पुढे ठेवला.

"नाव घालू या का, ब्रीडी? आईच्या खाली जागा आहे."

"जागा आहे म्हणून माणूस मारायचा?"

"तीस वर्षं होऊन गेली गं."

"पाव खा. गार झाला की तू नावं ठेवतोस."

"मी त्याच्याबद्दल बोलतोय."

"आणि मी पावाबद्दल. मी असेपर्यंत नाही, मॉसी. उद्या तो दारात उभा राहिला, तर त्याला काय सांगू? ये रे बाबा, तुझं थडगं दाखवते?"

पाव खाऊन तो घरी गेला. पण जूनमध्ये त्याने पाथरवट ऑली केनिलीला काम सांगितलं. त्याचा हिशेब असा होता: जुलैत थडग्यांना आशीर्वाद देतात त्या रविवारी सारा परगणा दफनभूमीत जमतो, कुटुंबं आपापला दगड घासून, फुलं ठेवून त्याच्याशेजारी उभी राहतात. एवढ्या लोकांत ब्रीडी तमाशा करणार नाही. घरी आल्यावर शिव्या देईल, मग सवय होईल. हा हिशेब करताना आपलेच शेजारी काय करतील, हे त्याच्या लक्षात आलं नाही. इथेच जन्मलेल्या माणसाने ते विसरावं, हे खरं तर नवल आहे.

त्या रविवारी त्याने तिला चाकांच्या खुर्चीतून नेलं. आभाळ भरलेलं होतं. लाउडस्पीकरवर जपमाळ सुरू होती. ब्रीडीने दगड वाचला, पुन्हा वाचला, आणि चेहरा न हलवता कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. तिथवर मॉसीचा हिशेब बरोबर होता.

मग पलीकडच्या थडग्याजवळच्या टीझी ग्रँटची नजर नव्या अक्षरांवर गेली. ही त्यांची जुनी शेजारीण. आमच्याकडे कुणाचं माणूस गेलं, की हात हातात घेऊन दोन शब्द बोलायचे असतात. ते न करणं हा अपमान समजतात. टीझी पुढे आली आणि तिने मॉसीचा हात धरला.

"वाईट झालं रे, मॉसी. उशिरा का होईना, नाव लागलं."

तिच्या मागे तिचा नवरा आला, त्याच्यामागे धक्क्यावरचे जुने सोबती, मग ज्यांनी लारला पाहिलंही नव्हतं असे तरुण. प्रार्थना चालू असतानाच रांग लागली. जे तीस वर्षांत झालं नव्हतं, ते ओल्या गवतावर होऊ लागलं. मॉसी रडत होता. आपल्याला हेच हवं होतं, हे त्याला तेव्हा कळलं, असं तो सांगतो.

टीझी खुर्चीपाशी वाकली. "ब्रीडी, फार वाईट झालं गं."

ब्रीडीने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"कुणाचं?" तिने विचारलं.

टीझीचा हात तसाच पुढे राहिला. मागच्याने तिला हळूच बाजूला घेतलं. त्यानंतरचे लोक मॉसीचा हात धरत आणि खुर्चीला वळसा घालून जात.

त्या दिवसापासून तिने त्याला दार उघडणं थांबवलं. तो खिडकीच्या कठड्यावर कागदात गुंडाळलेले पाव ठेवून येई, आणि दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी टोचलेला कागद उचलून नेई. शेवटी तो ऑलीकडे गेला.

"अक्षरं काढता येतील?"

"काढायची?" ऑली म्हणाला. "ती कोरलीत, चिकटवली नाहीत. अख्ख्या दगडाचा वरचा थर घासून काढावा लागेल. तुझे आईवडीलही जातील त्यात."

डिसेंबरात ब्रीडीला अखेरच्या शुश्रूषेच्या घरी हलवलं. तिथे भेटायला येणाऱ्याला दाराबाहेर ठेवणं तिच्या हातात नव्हतं. मॉसीने पलंगाशेजारी बसून ऑलीचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली.

"आईचं नाव घासू नकोस," ती म्हणाली.

"नाही घासत. मग लारचं राहू दे?"

"राहू दे. पण मला त्याच्याखाली ठेवू नकोस."

"अगं, तुझी जागा तिथेच आहे. आपण सगळे—"

"सगळे कुठे आहोत, मॉसी?"

जानेवारीत ती गेली. तिला डनमोरला, तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या माणसांत पुरलं. टेकडीवरच्या दगडावर लारच्या खाली आता एकाच नावापुरती जागा ठेवली आहे, आणि ती मॉसीची आहे.