पंख तीन मिलिमीटरने खाली

माझी आत्या एकतीस वर्षं पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसली. यंत्रावरून उतरलेला भाग तिच्यापुढे यायचा, ती त्याला व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची सरकती पट्टी, लावायची, आकडा वहीत लिहायची आणि मनासारखा असला तरच पुढे सोडायची. कामगार तिला पाठीमागे 'केसभरबाई' म्हणत, कारण केसभर फरकही तिला खपत नसे. तिला हे ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि आठ महिन्यांत तिने सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. पडदे दोन बोटं आखूड आहेत. कपाटाचं दार खाली घासतंय. भिंतीवरचं घड्याळ डावीकडे कललंय. बाबा एकदा हात जोडून म्हणाले, "ताई, हे घर आहे. इथून माल बाहेर जात नाही."

"म्हणून काय वाकडं राहू द्यायचं?" ती म्हणाली.

त्यातच ती न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, पण बोटं लाकडासारखी झाली होती. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला. आत्याने तो दोन दिवस दाबला आणि खिडकीत ठेवून दिला. "दाबून दाबून तयार काय होतं? काहीच नाही. मला नाही जमायचं."

मग मी दुकानात गेले आणि जोडायच्या ठोकळ्यांचा एक मोठा सेट घेऊन आले. मालवाहू अंतराळयान, तेराशे शहाऐंशी भाग, आणि सोबत पाच छोटी माणसं. खोक्यावरचं चित्र बघून आत्या म्हणाली, "हे पोरांचं आहे."

"खोक्यावर वय अठरा आणि पुढे लिहिलंय," मी म्हटलं. "तू बसतेस त्यात."

तिने आधी यादी घेऊन भाग मोजले. दोन जास्त निघाले. दुसरं कुणी खूश झालं असतं. आत्या अस्वस्थ झाली. "यांच्या मोजणीत गोंधळ आहे," ती पुटपुटली आणि कामाला लागली.

पहिल्या दिवशी तिला एक ठोकळा दाबायला दोन्ही हात लागले. चौथ्या दिवशी चिमटीत धरता येऊ लागला. नवव्या दिवशी दुपारी यान उभं राहिलं, राखाडी, रुबाबदार, हातभर लांब. त्याचे पंख बिजागरीवर होते: उडताना पसरायचे, उतरताना मिटायचे. आत्याने ते दोनदा मिटवले, दोनदा उघडले आणि कारखाना सुटल्यापासून मी पाहिलं नव्हतं असं हसली.

असे सेट जोडणाऱ्या लोकांची एक वेबसाइट आहे. तिथे लोक परीक्षणं लिहितात. मी म्हटलं, "तूही लिही की."

"मला कुठे लिहिता येतं?"

"तपासणी अहवाल येतो ना लिहिता?"

तो येत होता. तिने तीन दिवस लावून लिहिला, मी टाइप केला. रंग एकसारखा, ठोकळ्यांची पकड उत्तम, मालाच्या खोलीची रचना कौतुकास्पद, असं मोकळ्या मनाने लिहून झाल्यावर ती माणसांकडे वळली. 'कॅप्टनचा झगा काढल्याशिवाय कॅप्टन खुर्चीत बसत नाही. अशा माणसाने यान कसं चालवावं? वैमानिकाचं शिरस्त्राण चांगलं, पण ते घातलं की मान वळत नाही. डॉक्टरीण ठीक. यंत्रमानव सर्वांत कामसू दिसतो. एवढ्या मोठ्या यानाला मेकॅनिक एकच, आणि ती बाई हसते आहे. तिला जेवायची सुट्टी कोण देतं, याचा खुलासा पुस्तिकेत नाही.'

आणि शेवटी: 'डावा पंख. संध्याकाळी सरळ केला, सकाळी टोकाशी तीन मिलिमीटरने खाली. पाच दिवस मोजला, पाचही दिवस तेच. दोष जोडणीचा नाही, रचनेचा. पुस्तिकेतली पायरी अठ्ठ्याऐंशी पाहावी.'

माणसांवरचा परिच्छेद वाचून लोक हसून लोळले. एका दिवसात चार हजार जणांनी अहवाल वाचला. पंखाबद्दल मात्र टिंगल झाली. 'आजी, खेळणं आहे ते, विमान नाही.' 'तीन मिलिमीटर! झोप लागते का तुम्हाला?' कंपनीकडून दोन ओळींचं गोड उत्तर आलं: ठोकळ्यांवरच्या खुंट्या नीट दाबल्या गेल्या नसतील, पुन्हा जोडून पाहावं.

माझाच पारा चढला. आत्या शांत होती. कारखान्यात तिने एकतीस वर्षं असल्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या. "रागावून आकडा बदलत नाही," ती म्हणाली. "एकाच नगावर निकाल देत नाहीत, एवढं त्यांचं बरोबर आहे. आणखी नग हवेत."

तिने वेबसाइटवर विनंती टाकली: ज्यांच्याकडे हे यान आहे त्यांनी संध्याकाळी आणि सकाळी साध्या पट्टीने पंखाची उंची मोजून कळवावी. पट्टी कुठे धरायची याचं चित्रही काढून दिलं. पंधरा दिवसांत त्रेसष्ट घरांतून आकडे आले. अठ्ठावन्न घरांत डावा पंख खाली. टिंगल करणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं, 'आजी, माझा साडेतीन. माफ करा.'

आत्याने तक्ता करून कंपनीला पाठवला. उत्तर आलं नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या शहरातल्या सभागृहात ठोकळेवाल्यांचं प्रदर्शन होतं. कंपनीने तिथे मोठं टेबल मांडलं होतं, काचेच्या पेटीत तेच यान ठेवलं होतं, आणि ते ज्याने रचलं तो रचनाकार लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणार होता. आत्याने कारखान्यातली निळी साडी नेसली आणि पर्स घेतली. पर्स जड का, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

रचनाकार तरुण होता, नम्र होता. आत्याचं म्हणणं त्याने ऐकून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, तुमचा अहवाल मी वाचला. फार मजा आली. पण नवीन माणसाकडून खुंट्या पूर्ण बसत नाहीत, तेवढंच आहे ते."

"हे यान कोणी जोडलं?" आत्याने पेटीकडे बोट केलं.

"मी स्वतः."

"कधी?"

"काल संध्याकाळी."

"मग मोजू या का?" आणि तिने पर्समधून व्हर्निअर काढला.

भोवती पन्नास-साठ माणसं जमली होती. त्याला नाही म्हणता येईना. त्याने पेटी उघडली. आत्याने वाकून उजवा पंख मोजला आणि मोठ्याने आकडा सांगितला, "एक्केचाळीस पूर्णांक दोन." मग डावा. तिने चष्मा सारखा केला, पुन्हा मोजला आणि व्हर्निअर त्याच्या हातात दिला. "तुम्हीच वाचा."

त्याने वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सदतीस पूर्णांक नऊ," तो म्हणाला.

सभागृहात असा काही हशा पिकला आणि टाळ्या पडल्या की पलीकडच्या टेबलांवरचे लोक धावत आले. आत्या हसली नाही. तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हसू नका. डोकं लावून केलेलं काम आहे हे. चूक एकाच ठिकाणी आहे. दाखवते."

आणि उभ्या उभ्या तिने पंख उतरवला. बिजागरीचा सगळा भार दोन खुंट्यांवर येत होता. तिने खालची लांब पट्टी काढली, आडवी होती ती उभी बसवली, आणि तोच भार सहा खुंट्यांवर वाटला गेला. नवा ठोकळा एकही लागला नाही. अकरा मिनिटं. मग तिने ते अख्खं यान फक्त डाव्या पंखाला धरून उजव्या हाताने उचललं, डोक्याच्या वर नेलं आणि गदागदा हलवलं. एक ठोकळा पडला नाही. आत कॅप्टन तेवढा खुर्चीतून खाली आला.

"त्याला झगा कारण आहे," आत्या म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने तो तरुणच हसला.

हसून झाल्यावर त्याने वही काढली. "बाई, पुन्हा एकदा सावकाश दाखवाल?" मला तो त्या क्षणी आवडला. आत्यालाही. दोघं खुर्च्या ओढून बसली आणि दुपारचा चहा थंड झाला तरी उठली नाहीत.

तीन महिन्यांनी पुस्तिकेची नवी आवृत्ती आली. पायरी अठ्ठ्याऐंशीत पट्टी उभी होती, आणि जुन्या ग्राहकांसाठी कंपनीने तेवढं पान वेगळं छापलं होतं. सोबत रचनाकाराचं पत्र होतं: पुढचं यान बाजारात जाण्याआधी आपण तपासाल का? बाबांनी ते जेवणाच्या टेबलावर दोनदा मोठ्याने वाचलं, दुसऱ्यांदा जरा घसा खाकरून.

ते यान आलं. आत्याने तेवीस शेरे काढले. कंपनीने एकोणीस मान्य केले. उरलेल्या चारांवर दर मंगळवारी फोनवर भांडण चालतं, आणि दोन्हीकडून आवाज इतका खणखणीत असतो की आम्ही दूरदर्शन बंद करून ऐकत बसतो.