धनराजकाकांची फवारणी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माझ्या सरांना नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्या सुमनमावशीला तर नाहीच. आणि गंमत बघा — आताही सांगायला बसले, तर आधी आठवतो तो आनंद. लाज मागाहून येते.

मी लाखनीची. नागपुरात पीएच.डी. करत होते, वरोआवर. वरोआ म्हणजे मधमाशीच्या अंगावर जगणारा, गोचिडाच्या नात्यातला एक तांबूस, चपटा जीव. टाचणीच्या डोक्याएवढा. माशीच्या अंगाला चिकटून वरोआची मादी दिवसचे दिवस हिंडते, तिला आतून खाते, पण अंडं घालत नाही. मग एक दिवस ती पोळ्यात शिरते, अळीच्या घरात. वरून माश्या मेणाचं झाकण लावतात — आणि आत हिची अंडी सुरू! मादी तीच. तिची जनुकंही तीच. मग माशीच्या अंगावर असताना अंड्यांची जनुकं गप्प काहून? आणि अळीजवळ गेल्यावर त्यांना जागं कोण करतं?

या प्रश्नानं मला झपाटलं होतं. जेवताना तेच, बसमध्ये तेच. कारण ती जनुकं गप्पच ठेवता आली, तर वरोआला पिल्लं होणार नाहीत. औषधाशिवाय मधमाश्यांच्या पेट्या वाचतील. कळतंय ना, केवढी गोष्ट आहे ही?

सुमनमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आंबागडला असते. नवरा गेल्यावर तिनं मधमाशीपालनाचं शिक्षण घेतलं आणि घरामागे पेट्या मांडल्या. शेजारचं धानाचं शेत तिच्या दिराचं, धनराजकाकांचं. भाऊ गेला तेव्हापासून मावशीचा बाजारहाट, दवाखाना, सगळं तेच बघायचे. मी सुट्टीत आंबागडला जायची, बारीक ब्रशनं वरोआ उचलून थंड डब्यात भरायची आणि नागपूरला न्यायची. मावशीला माझं कोण कौतुक!

पावसाळा सरता सरता पेट्यांत वरोआ वाढला. एरवी याच वेळी औषध ठेवतात. मावशीनं विचारलंही —

"काहून वं बाई, ठेवू का आता औषध पेट्याईत?"

आणि मी — मी म्हणाले, "नको मावशी. अजून गरज नाही."

गरज होती. मला दिसत होतं. पण मला झाकणाखालचे वरोआ हवे होते, भरपूर, आणि औषध पडलं असतं तर ते मिळाले नसते. तिला खरं सांगून दोन पेट्या मागितल्या असत्या, तर तिनं हसत दिल्या असत्या. मग का नाही मागितल्या? खरं सांगू? विचारायचं सुचलंच नाही. माझं सगळं ध्यान त्या जनुकांत होतं.

आणि मग तो दिवस! कोरोनात ज्या आरटीपीसीआरचं नाव घरोघरी पोचलं, तेच मशीन आमच्या प्रयोगशाळेत होतं. एका बाजूला माशीच्या अंगावरचे वरोआ, दुसऱ्या बाजूला झाकणाखालचे. पडद्यावर पहिल्यांच्या जनुकांची रेषा जमिनीला लागून पडलेली. दुसऱ्यांची — वर, वर, वरच चढत गेली. मी ओरडले. खरंच ओरडले! शेजारच्या खोलीतून लोक धावत आले. त्यानंतर आम्ही वरोआला ते जनुक गप्प करणारं द्रव्य दिलं, आणि अंडी थांबली. आयुष्यात एवढा आनंद मला कशानंच झाला नाही. लग्नात नाही, मुलीच्या वेळीही नाही. हेही आजच बोलतेय.

त्याच सुमारास मावशीचा फोन आला. माश्या पेट्यांसमोर जमिनीवर सरपटत होत्या, पंख चुरगळलेले. पेटीमागून पेटी रिकामी होत होती. मी गेले. बघताक्षणी समजलं, हे वरोआचंच काम.

"मले तं काही समजूनच नाही राहिलं," मावशी म्हणाली. "काय झालं वं यायले?"

समोर धनराजकाकांचं धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. तुडतुडे नावाच्या किडीसाठी त्यांनी नुकतीच फवारणी केली होती.

"फवारणीचंच आहे, मावशी," मी म्हणाले. "दुसरं काय राहीन?"

"पण भाऊजीनं तं सांगून फवारलं होतं. दिवस बुडाल्यावर. पेट्या झाकल्या होत्या म्या."

"तरी लागते विष," मी म्हणाले. माझ्या शिक्षणावर तिचा विश्वास होता. एवढंच पुरलं.

मावशी काकांशी बोलेनाशी झाली. त्यांच्या मुलीच्या लग्नाला शेजारी असूनही गेली नाही. पेट्या पुन्हा मांडल्या नाहीत. काका किती वेळा म्हणाले, "वहिनी, आईची आण, म्या जपून फवारलं." मी प्रत्येक वेळी ऐकलं. शास्त्रज्ञ मी होते. माझं एक वाक्य पुरलं असतं.

परवा माझ्या संशोधनाची बातमी फोटोसकट पेपरात आली. मावशीनं आंबागडला बोलावलं, अख्ख्या आळीत पेढे वाटले. धनराजकाका फाटकाशी आले. आता थकलेत. आत पाऊल न टाकता म्हणाले, "पोरीनं नाव काढलं, वहिनी. मले नाही देत का पेढा?"

"ज्यानं माह्या माशा मारल्या, त्याले कायचा पेढा?" मावशी म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, मी काही बोलेन, असं वाटलं असावं. मी खाली पाहिलं. ते गेले.

मग मावशीनं मला शेजारी बसवलं, हात हातात घेतला. "आता सांग वं, काय सापडलं तुले त्या वरोआत?"

आणि मी सांगायला लागले. ती जनुकं कशी गप्प असतात, झाकणाखाली कशी जागी होतात, रेषा कशी चढत गेली — सगळं, हातवारे करून, धाप लागेपर्यंत. ती डोळे पुसत ऐकत होती. आणि मला त्या वेळी, तिथे बसून, खूप आनंद होत होता.